अकरा एककांचे दशक

“आजोबा, एक दशक म्हणजे अकरा एकक ना?”

आमची धाकटी नात इयत्ता दुसरीत शिकते. गेल्या चैत्रात एके सकाळी तिने हा प्रश्न विचारला, तेव्हा आम्ही ओसरीवर चहा घेत बसलो होतो. पस्तीस वर्षे मास्तरकी केलेल्या माणसाच्या घरी, खुद्द त्याच्या नातीच्या तोंडून असा प्रश्न निघावा, याहून मोठी नामुष्की ती कोणती? आम्ही किंचित कठोर स्वरात म्हणालो, “दहा एकक. शाळेत शिकवितात तरी काय तुम्हांला?” त्यावर ती काही बोलली नाही. आत जाऊन ठोकळ्यांची पेटी घेऊन आली, लाकडाची जी लांब कांडी आम्हीच तिला ‘दशक’ म्हणून दिली होती ती फरशीवर ठेविली, आणि तिच्या कडेने एकेक ठोकळा लावीत गेली. दहा लागले, कांडी पुढे उरलीच. अकरावा लावला तेव्हा कोठे टोकास टोक भिडले. मग तिने मान वर करून आमच्याकडे पाहिले. पोरीचे काही चुकले नव्हते. डोळ्यांस दिसले तेच ती बोलली होती.

या ठोकळ्यांची हकीकत वाचकांस सांगितली पाहिजे. कारण तीत गणिताची जी चूक आहे तिच्यापेक्षा थोरली चूक हाताबोटांसंबंधीची आहे, आणि ती हल्ली घरोघर होऊ लागली आहे.

आमचे मूळ गाव औसा तालुक्यातले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे गणपती बोळवून लोक नुकतेच निजले असता, किल्लारीच्या परिसरात जो भूकंप झाला त्यात लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसे दगावली. आमच्या गावाकडील जुनी घरे ज्यांनी पाहिली असतील त्यांस कारण सांगावयास नको. दगडमातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती, आणि वर मातीचे जड माळवद. त्या भिंतीच माणसांच्या अंगावर आल्या. ईश्वरकृपेने आमच्या घरी त्या रात्री कोणी निजावयास नव्हते. भिंती फाकल्या, परंतु सागवानी खांब व त्यांवरील तुळया जागच्या जागी उभ्या राहिल्या. पुढे घर उतरविले तेव्हा बाकीचे लाकूडसामान विकले गेले. दोन तुळया मात्र आमच्या थोरल्या बंधूंनी, म्हणजे दादांनी, लातुरास नेऊन जिन्याखाली ठेविल्या. त्या तेथे तीस वर्षे पडून होत्या. गेल्या दिवाळीत दादांच्या मनात आले, की आता या वयात आपण त्या तुळयांचे काय करणार? नातवंडांसाठी काही करावे. तिघा भावांच्या तीन घरी पणजोबांच्या घराचे लाकूड खेळण्याच्या रूपाने जावे. ठोकळे करावयाचे ठरले. प्रत्येक घरी शंभर एकक, दहा दशक.

हा बेत आमच्या सौभाग्यवतींच्या कानी गेला तेव्हा त्या म्हणाल्या, “एवढ्यासाठी तुळई कापावयाची? आम्ही चिंचोक्यांवरच शिकलो.” आक्षेप अगदीच टाकाऊ नव्हता. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीस ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र काढले, तेव्हा शिंपले, बिया, खडे अशा आसपास मिळणाऱ्या वस्तूंवरच मुलांस शिकविले, आणि ते उत्तम शिकविले. परंतु चिंचोका मोजता येतो, त्याने मापता येत नाही. दहा चिंचोक्यांची पुरचुंडी बांधली तर ‘हे दशक’ असे आपण मुलास सांगतो आणि ते आपल्या शब्दावर विश्वासते. ठोकळ्यांचे तसे नाही. दहा ठोकळे ओळीने मांडले आणि शेजारी दशकाची कांडी ठेविली, म्हणजे कोणाच्या शब्दाची गरज राहत नाही. दहा दशके शेजारी शेजारी मांडली की शतकाचा चौरस होतो. जर्मनीत १८३७ साली फ्रोबेल यांनी पहिली बालोद्यान-शाळा काढली. मुलांसाठी त्यांनी जी साधने योजिली त्यांतील तिसरे साधन म्हणजे आठ सारख्या घनांचा मिळून झालेला एक मोठा घन. मूल तो फोडते, जुळविते, आणि अवघ्याचे व अंशाचे नाते हाताने जाणते. अर्थात हे सर्व केव्हा? ठोकळे तंतोतंत असतील तेव्हा. घनाच्या बाजू सारख्या नसतील तर त्याहून चिंचोके शतपटीने बरे.

ठोकळ्याची बाजू २० मिलिमीटर व दशकाची कांडी २०० मिलिमीटर असे माप आम्ही कागदावर काढून दिले. एवढा लहान ठोकळा हाताच्या करवतीने तीनशे वेळा सरळ कापणे म्हणजे महिन्याचे काम. दादांचे चिरंजीव, आमचे पुतणे, हौशी आहेत. त्यांनी गंजगोलाईतून हातात धरावयाचे विजेचे कटर आणले. चार इंच व्यासाचे, मूळचे फरशी कापण्याचे. त्यासच लाकडाचे दातेरी पाते बसविता येते. मेजाच्या फळीस खाच पाडून हे कटर त्यांनी खालून उलटे बसविले, त्यासाठी वरचे झाकण अर्थातच काढून टाकिले, आणि पाते फळीतून वर डोकावेल असे केले. एका बाजूस अडसर म्हणून जाड पट्टी ठोकली. वाचकांपैकी पुष्कळांनी गावातल्या फर्निचरच्या दुकानांत हे यंत्र पाहिले असेल. आम्हीही पाहिले होते, आणि पुतण्यांच्या कल्पकतेचे कौतुकच केले.

पहिल्या पट्टीवर त्यांनी वीस-वीस मिलिमीटरवर पेन्सिलीच्या रेघा आगाऊ आखून घेतल्या आणि रेघेबरहुकूम कापीत गेले. पट्टीचे टोक अडसरास टेकवावयाचे, पात्यावर ढकलावयाचे, ठोकळा सुटला की बोटाने बाजूस सारावयाचा. शेवटी पट्टी चार बोटे उरली तरी ती दोहों हातांच्या चिमटीत धरून कापणे चालूच होते. आम्ही समोर उभे राहून गणती करीत होतो. कितवा ठोकळा होता ते आता स्मरत नाही. एकदम फाट्दिशी आवाज झाला, आमच्या कानाजवळून काही तरी सूं करून गेले, आणि मागे अंगणातील तुळशीवृंदावनाच्या गिलाव्याची खपली उडाली. दादा देवघरातून धावत बाहेर आले. पुतण्यांची बोटे शाबूत होती. चेहरा मात्र पांढराफटक झाला होता. आम्ही वयाने वडील, सबब आम्ही काही तरी शहाणपणाचे बोलावयास हवे होते. आम्ही म्हणालो, “जरा जपून.” आणि काम पुढे चालू राहिले! आज हे लिहिताना आमची आम्हांसच लाज वाटते. अशा रीतीने जे शंभरेक ठोकळे त्या दिवशी झाले, तेच आमच्या नातीच्या वाट्यास आले.

नातीच्या प्रश्नानंतर आम्ही पेटी उचलली आणि जुन्या नांदेडात एका सुतारमिस्त्रींचे दुकान आहे तेथे गेलो. हे मिस्त्री एके काळी आमच्या वर्गात सातवीला होते. त्रैराशिकात आम्ही त्यांस दोनदा नापास केले. अजून आम्ही त्यांस एकेरीच हाक मारतो, पण लिहिताना हात आदरार्थी वळतो तो वळतोच. त्यांनी एक ठोकळा उचलला, दुसऱ्यास लावला, फिरवून लावला, आणि हसून म्हणाले, “गुरुजी, पात्याचं लाकूड धरलं नाही तुम्ही.”

म्हणजे काय, ते वाचकांसही सांगतो. करवत म्हणजे सुरी नव्हे. सुरी दोन भाग वेगळे करते; करवत मधले लाकूड खाऊन भुसा करते. करवतीचे दात आळीपाळीने किंचित डावी-उजवीकडे बाहेर काढलेले असतात, किंवा विजेच्या पात्यांवर कठीण धातूचे रुंद दात डकविलेले असतात, नाही तर पाते लाकडात अडकून बसेल. पुतण्यांचे पाते दोन मिलिमीटर खात होते. रेघा वीसवर, प्रत्येक रेघेशी दोन गेले, ठोकळा उरला अठराचा. दहा ठोकळे एकशे ऐंशी. अकरा ठोकळे एकशे अठ्ठ्याण्णव. आमच्या नातीचे दशक बरोबर अकरा एककांचे का भरत होते, हे त्रैराशिकात दोनदा नापास झालेल्या मनुष्याने आम्हांस अर्ध्या मिनिटात दाखवून दिले. मिस्त्रींच्या दुकानातील मोठे पाते तर सूतभर खाते. इंचाचा आठवा हिस्सा म्हणजे सूत, आजच्या मापाने तीन मिलिमीटरांहून किंचित अधिक.

येथे आम्हांस बौधायनाची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. मिस्त्री लोक ज्यास सूत म्हणतात आणि यज्ञवेदी आखणारे ज्यास शुल्ब म्हणत, ते दोन्ही मुळात दोरीच. शुल्बसूत्रांत विटांची मापे सांगितली आहेत. श्येनचितीच्या एकेका थरास दोनशे, असे पाच थर. कच्ची वीट वाळताना व भाजताना आटते, हे त्या ऋषींस पक्के ठाऊक होते, आणि जेवढी तूट येईल तेवढी मातीने भरून काढावी असा त्यांनी तोडगाही दिला आहे. लाकडाचे दुर्दैव असे, की पात्याने खाल्लेले लाकूड मातीने भरून निघत नाही. ती तूट आधीच हिशेबात धरावी लागते, किंवा त्याहून बरे म्हणजे, मिस्त्री करतात तसे, तिचा हिशेब करण्याचा प्रसंगच येऊ देऊ नये. ते कसे, ते पुढे येईल.

मिस्त्रींच्या डाव्या हाताचे पहिले बोट दोन पेरी कमी आहे. इतकी वर्षे आम्ही ते पाहत होतो; कधी विचारले नव्हते. त्या दिवशी पुतण्यांच्या यंत्राचे वर्णन केले तेव्हा त्यांनी आपण होऊन हात पुढे केला. “चौकटीला पाचर पाहिजे होती, गुरुजी. एवढीशी. म्हटलं, एका पाचरीसाठी काय सगळं मांडायचं! मोठ्या लाकडानं बोट जात नसतंय. ते जड असतंय, जागचं हलत नाही, हात लांब राहतो. बोट जातंय ते बारक्या तुकड्यानं.”

याची उपपत्ती त्यांनी पाते हाताने फिरवून दाखविली. मेजावरच्या गोल करवतीत पात्याची आपल्याकडची बाजू खाली जाते व लाकूड मेजावर दाबते, ती मित्र. पलीकडची, मागची बाजू वर येते. लाकडाचा तुकडा तिच्या दातांस लागला तर ती तो उचलून थेट आपल्या अंगावर फेकते. आता तुकडा पाते आणि अडसर यांच्यामध्ये सापडला असेल, तर त्यास पळावयास वाट नसते. तो तिरपा होतो, मागच्या दातांत जातो आणि सुटतो. तुळशीवृंदावनाकडे गेलेल्या आमच्या ठोकळ्याची हीच कथा. लहान ठोकळ्यास वजन नाही, लांबी नाही, तो तिरपा व्हावयास क्षण लागत नाही; आणि बोट त्यावर टेकलेले असेल तर ठोकळा ज्या बाजूस गेला त्याच्या उलट बाजूस, रिकाम्या झालेल्या जागेत, ते बोट पडते. तेथे पाते असते. चार इंची कटरचे पाते मिनिटास बारा हजारांच्या आसपास फेरे घेते. आम्ही घरी येऊन गुणाकार केला. दाताचा वेग ताशी सुमारे अडीचशे किलोमीटर येतो. ‘चटका बसताच हात मागे घेऊ’ अशा भरवशावर कोणी असेल तर त्याने हा गुणाकार स्वतः करून पाहावा.

मिस्त्रींनी काम पत्करले, परंतु एका अटीवर: पुतण्यांनी लातुराहून यावे आणि दोन दिवस समोर बसून पाहावे. दुसरी तुळई घेऊन ते आले. आम्हीही बसलो.

पहिला अर्धा दिवस करवत चाललीच नाही. जुने लाकूड म्हटले की त्यात खिळे आलेच. आमच्या तुळईत तर लोहाराने घडविलेले, डोके झिजून लाकडात बुडालेले खिळे होते. मिस्त्रींनी दोऱ्यास लोहचुंबक बांधून तुळईवरून हलके हलके फिरविले. जेथे दोरा तिरपा होई तेथे खडूची खूण. अकरा खिळे निघाले. पात्यास खिळा लागला तर दात तुटतो, आणि तुटलेला दात कोठे जाईल हे सांगता येत नाही. नंतर तुळई आरागिरणीत जाऊन उभी चिरून आली, रंधा यंत्रावर चारही अंगांनी तासली, आणि मीटरभर लांबीच्या, वीस बाय वीस मिलिमीटरच्या पंधरा पट्ट्या तयार झाल्या. गुण्या लावून प्रत्येकीचा काटकोन पाहिला. पट्टी चौरस नसेल तर पुढे कितीही चोख कापा, घन होत नाही.

दुसऱ्या दिवशी खरे काम. मेजाच्या खाचांतून पुढेमागे सरकणारा एक पाट मिस्त्रींनी करून ठेविला आहे. त्यास आडवी, जाड, पात्याशी काटकोनातली भिंत आहे. पट्टी त्या भिंतीस टेकते आणि पाट ढकलला की पाटासकट पुढे जाते. म्हणजे हात लाकूड ढकलीत नाही, पाट ढकलतो. पात्याच्या मागे एक उभी पोलादी जीभ ठेविलेली असते. तिच्यामुळे लाकूड मागच्या दातांवर मिटू शकत नाही. पाते लाकडाच्या वर जेमतेम दातभर काढावयाचे, अधिक नाही. आणि उभे राहावयाचे ते पात्याच्या रेषेत नव्हे, एका अंगास.

अडसर त्यांनीही लावला, परंतु त्यातच खुबी होती. अडसर आणि पट्टीचे टोक यांमध्ये ते प्लायवुडचा एक तुकडा घालीत, त्यास टोक भिडवीत, पट्टी शिकंज्याने आवळीत, आणि मग तो तुकडा काढून घेऊन नंतरच करवत चालवीत. कापला गेलेला ठोकळा मोकळ्या जागेत सुटा पडून राही. एका बाजूस पाते, दुसऱ्या बाजूस अडसर असे होण्याचा संभवच नाही. शिवाय माप नेहमी टोकापासून अडसराने घेतलेले. पाते किती खाते याच्याशी ठोकळ्यास कर्तव्य नाही. पुतण्यांच्या अंगावर जो ठोकळा आला तो, आणि नातीचे जे गणित चुकले ते, दोन्ही दोष या प्लायवुडच्या एका तुकड्याने गेले, हे पाहून आम्ही अक्षरशः थक्क झालो.

एक ठोकळा झाला की पाते बंद, थांबेपर्यंत वाट पाहणे, मग लांब काडीने ठोकळा बाजूस. दरवेळी. पुतण्यांनी एकदा चुळबुळ करून विचारले, “काका, प्रत्येक वेळी थांबवायचं?” मिस्त्री काही बोलले नाहीत; नुसता डावा हात पाटावर ठेविला.

आता पट्टीच्या शेवटाचा प्रश्न. पात्यापासून वीतभर अंतराच्या आत हात आणावयाचा नाही, असा मिस्त्रींचा नियम. मग पट्टीचे शेवटचे वीतभर लाकूड वायाच जाणार, आणि आमच्याकडे लाकूड मोजके. आम्ही हिशेब मांडला: ठोकळा वीस, पात्याचे खाणे तीन, मिळून तेवीस. चौतीस ठोकळ्यांस सातशे ब्याऐंशी मिलिमीटर. हजारातून उरले दोनशे अठरा. आणि आमचे दशक दोनशेचे! जो भाग ठोकळ्यांसाठी कापणे धोक्याचे, तोच एक कापात दशकाची कांडी होत होता. आम्ही हे मोठ्या उत्साहाने सांगितले. मिस्त्री म्हणाले, “तेच करणार होतो, गुरुजी.” घरटी तीन पट्ट्यांत एकशे दोन ठोकळे व तीन कांड्या, उरलेल्या सात कांड्यांस आणखी दोन पट्ट्या. पंधरा पट्ट्या त्यांनी उगीच पाडल्या नव्हत्या.

दशकाचे माप मात्र त्यांनी फूटपट्टीने घेतलेच नाही. नव्या ठोकळ्यांतले दहा निवडले, अडसरापासून पात्यापर्यंत ओळीने मांडले, आणि त्यांच्या लांबीबरहुकूम अडसर सरकवून पक्का केला. ठोकळा केसभर मोठा असो वा लहान, दहांचे दशक होणारच. फूटपट्टीत चूक निघेल, डोळ्यांत निघेल. परंतु दहा ठोकळ्यांवरून घेतलेले दशक दहा ठोकळ्यांशी खोटे कसे पडावे? आम्ही पस्तीस वर्षे मुलांस दशकाची व्याख्या पाठ करावयास लावली; इतकी नेमकी व्याख्या आम्हांस कधी सुचली नव्हती.

याखेरीज किरकोळ म्हणून ज्या गोष्टी त्यांनी सांगितल्या त्यांपैकी एक मराठवाड्यातील घरांनी तरी किरकोळ समजू नये. दुपारी वीज गेली. यंत्र थांबले, आणि पुतण्ये सवयीप्रमाणे अडकलेला ठोकळा काढावयास हात घालू लागले. मिस्त्रींनी त्यांचा हात वरच्या वर धरला. बटण चालूच होते! वीज ज्या क्षणी परत येईल त्या क्षणी पाते फिरणार. मोठ्या यंत्रांस असे बटण मिळते, की वीज गेली म्हणजे ते आपोआप सुटते आणि वीज आली तरी पुन्हा दाबल्यावाचून यंत्र चालू होत नाही. त्याची किंमत बोटाच्या मानाने काहीच नाही. ते नसेल तर वीज जाताच प्रथम बटण बंद करावे, आणि पात्याजवळ हात न्यावयाचा तर पिनच काढावी.

हातमोजे घालू नयेत. हे ऐकून आम्हांस नवल वाटले. आम्ही तर पुतण्यांस मोजे घेऊन येण्यास सांगितले होते. परंतु मोज्याचा धागा दातांत सापडला की पाठोपाठ हात ओढला जातो. तोच न्याय सैल बाह्या, ओढणी, उपरणे यांस. आमचे धोतर पाहून आम्हांस दुकानाच्या उंबऱ्याबाहेर खुर्ची देण्यात आली, ती याच कारणास्तव. डोळ्यांस चष्मा आणि नाकातोंडास चांगली पट्टी हवी. लाकडाचा भुसा निरुपद्रवी आहे अशी आपली समजूत असते. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने १९९५ सालीच लाकडाच्या धुळीस कर्करोगकारक ठरविले आहे.

अमेरिकेसारख्या देशात, जेथे घरोघर असली यंत्रे आहेत, तेथे मेजावरच्या करवतीने दर साली सुमारे तीस हजार माणसे जखमी होऊन इस्पितळात जातात. तेथील स्टीफन गॅस नावाच्या गृहस्थांनी, जे पदार्थविज्ञान शिकलेले असून वकिली करीत, १९९९ साली एक युक्ती काढली. पात्यात सूक्ष्म विद्युत्प्रवाह खेळत असतो; माणसाचे बोट लागताच तो बदलतो, आणि ॲल्युमिनियमचा ठोकळा उसळून पात्यात रुततो. सेकंदाच्या दोनशेव्या भागात पाते थांबते. बोटावर ओरखडा तेवढा राहतो. हे लोकांस पटविण्यासाठी ते बोटाऐवजी मांसाची नळकांडी पात्यास लावून दाखवीत. आमच्या घरी हे सांगताना आम्ही गाजर म्हणून वेळ मारून नेली. मिस्त्रींनी हे सर्व लक्षपूर्वक ऐकले आणि विचारले, “बारकं लाकूड उडालं तर ते थांबवतंय का?” तसे ते थांबवीत नाही. “मग पाट लागतोच की.”

एवढे करूनही विपरीत घडलेच, तर जखम स्वच्छ कापडाने घट्ट दाबून हात उंच धरावा. बोटाचा भाग तुटला असेल तर तो स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. भाग थेट बर्फात घालू नये. आणि वेळ न दवडता इस्पितळ गाठावे. मिस्त्रींच्या वेळी हे कोणास ठाऊक नव्हते. त्यांच्या बोटाची दोन पेरी भुशातच राहिली.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेस तीनशे सहा ठोकळे व तेहतीस कांड्या मोजून झाल्या. मिस्त्रींनी कोणतेही तीन ठोकळे उचलून तीन निरनिराळ्या अंगांवर उभे केले व वर पट्टी ठेविली. ती डगमगली नाही. पुतण्यांनी लातुरास जाऊन पहिले काम केले ते मेजाखालचे कटर सोडविण्याचे. झाकण सापडेना. ते म्हणे रद्दीत गेले होते. ते मिळेपर्यंत कटर त्यांच्या मातोश्रींच्या कपाटात, किल्लीसकट, आहे.

पट्ट्यांच्या टोकांचे जे तुकडे उरले त्यांत एक बोटभर लांबीचा होता आणि त्यास खिळ्याचे जुने भोक होते. नातीने त्याचे दोन करून मागितले. मिस्त्रींनी तो यंत्रावर धरण्यास साफ नकार दिला, हातकरवत काढली, तुकडा शिकंज्यात आवळला आणि करवतीची मूठ नातीच्या हाती देऊन तिच्या हातावर आपला हात ठेविला. तो कापावयास त्यांना पुरी पाच मिनिटे लागली. जुने अकरा एककांचे ठोकळेही तिने टाकू दिलेले नाहीत. ते निराळ्या डब्यात आहेत, आणि त्यांवर तिने आपल्या अक्षरांत लिहिले आहे: ‘आजोबांचे’.